पाच हजार डॉलरचं गिऱ्हाईक आणि विमानाचं तिकीट

२०११ च्या जून महिन्यात ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळच्या ॲटवेल कॉलेजने चेन्नईच्या एका नव्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं. नाव कॉलेज असलं तरी ते तिथलं सरकारी हायस्कूल आहे. सॉफ्टवेअरचं नाव फ्रेशडेस्क. ई-मेलने, फोनने, ट्विटरवरून येणाऱ्या तक्रारी आणि शंका एका जागी गोळा करायच्या आणि कोणती कोणी सोडवायची ते लावून द्यायचं, एवढं त्याचं काम. कंपनीचं हे पहिलं गिऱ्हाईक. त्यासाठी चेन्नईहून पर्थला कोणी गेलं नव्हतं, आणि जायचा विषयही नव्हता.

त्या वर्षी मी भोसरी-चाकण पट्ट्यात एअर कॉम्प्रेसर विकत होतो. सकाळी नऊला गाडीला किक मारायची, कंपनीच्या गेटवर वॉचमनच्या वहीत नाव, वेळ आणि 'कोणास भेटावयाचे' लिहायचं, आणि परचेसवाले साहेब मीटिंगमधून सुटेपर्यंत बाकड्यावर बसायचं. चार पार्ट्या भेटल्या तर दिवस चांगला गेला म्हणायचं. एक कॉम्प्रेसर विकायला पाच-सहा चकरा, मग पी.ओ., म्हणजे लेखी ऑर्डर, मग माल उतरवताना क्रेनवाल्याशी हुज्जत, मग पेमेंटसाठी चकरा. माल राज्याबाहेर गेला असेल तर वर वर्षभर विक्रीकराच्या सी-फॉर्मसाठी फोन. हे सगळं एकच माणूस करायचा. बसल्या जागेवरून पर्थच्या शाळेला काही विकता येतं असं तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर 'माल न दाखवता कोण घेतो?' असं मी विचारलं असतं.

पुढे मीही पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत गेलो. गेली दहा-बारा वर्षं अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना इथून विकणारी टीम सांभाळतोय. म्हणून फ्रेशडेस्कचं (२०१७ पासून कंपनीचं नाव फ्रेशवर्क्स) प्रकरण मी पुन्हा पुन्हा उघडून बघत आलो. लांबून विक्री कुठपर्यंत पोचते आणि नेमकी कुठे अडते, हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं भारतीय उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

टीव्हीच्या आधीची गोष्ट

या कंपनीची गोष्ट सगळे फुटलेल्या टीव्हीपासून सांगतात. संस्थापक गिरीश मातृभूतम २००९ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनहून चेन्नईला परतले, सामानात चाळीस इंची टीव्ही होता, तो वाटेत फुटला. विम्याच्या पैशांसाठी कित्येक महिने ई-मेल आणि फोन करूनही काही हललं नाही. शेवटी परदेशातून मायदेशी परतणाऱ्यांच्या एका ऑनलाइन मंचावर त्यांनी सगळी हकिगत लिहिली, आणि मग मात्र चक्रं फिरली, पैसे आले. गिऱ्हाईक आता चारचौघांत बोलू शकतं, तेव्हा कंपन्यांना त्याचं ऐकायला नवं साधन लागणार, हे त्यातून सुचलं. पुढे २०१० मध्ये झेनडेस्क या त्याच धंद्यातल्या कंपनीने भाव वाढवले. त्यावर चाललेल्या चर्चेत 'कोणीतरी धड स्पर्धक उभा करायला हवा' अशा अर्थाचं एक मत त्यांच्या वाचनात आलं. ऑक्टोबरात त्यांनी नोकरी सोडली.

गोष्ट छान आहे. पण विक्रीच्या माणसाने ती दहा वर्षं आधीपासून वाचावी. मातृभूतम मूळचे तिरुचिरापल्लीचे. २००१ मध्ये ते ॲडव्हेंटनेटमध्ये, म्हणजे आजच्या झोहोत, रुजू झाले ते प्री-सेल्सच्या कामावर. प्री-सेल्सवाला म्हणजे विकणाऱ्याच्या शेजारी बसून माल चालवून दाखवणारा आणि गिऱ्हाइकाच्या आडव्यातिडव्या प्रश्नांना उत्तरं देणारा तांत्रिक माणूस. झोहो तेव्हाच चेन्नईतून अमेरिकेतल्या कंपन्यांच्या आयटी विभागांना सॉफ्टवेअर विकत होती. त्यामुळे २०१० मध्ये त्या शहरात अशी बरीच माणसं तयार होती, ज्यांनी सातासमुद्रापलीकडच्या माणसाला फोनवर आणि स्क्रीनवर माल विकला होता, आणि त्यात काही विशेष आहे असं ज्यांना वाटत नव्हतं. पुण्यातही सॉफ्टवेअर भरपूर होतं, पण इथे बहुतेक जण सेवा द्यायचे. माणसं पुरवायची, तासांचं बिल लावायचं. स्वतःचा माल परक्या देशात लांबून विकायची तालीम आमच्याकडे फारशी झालेली नव्हती, आणि हा फरक आम्हाला पुढे चांगलाच जाणवला.

भाव आणि भाडं

अमेरिकेच्या शेअर बाजारात उतरताना कंपनीला आपला हिशेब उघड करावा लागला. २०२० चं उत्पन्न २४ कोटी ९७ लाख डॉलर. जून २०२१ अखेरीस ग्राहक ५२,५०० हून जास्त. दोन्ही आकडे एका तारखेचे नाहीत, तेव्हा भागाकार ढोबळच धरायचा, पण उत्तर येतं ते गिऱ्हाइकामागे वर्षाला पाच हजार डॉलरच्या जरा आत.

आता चेन्नईहून अमेरिकेचं परतीचं तिकीट, चार रात्रींचं हॉटेल, तिथली टॅक्सी आणि जेवणखाण धरा. दोन-अडीच हजार डॉलर कुठे गेले कळत नाही. एक चक्कर, आणि गिऱ्हाइकाकडून वर्षभरात मिळणारे निम्मे पैसे संपले. पहिल्या भेटीत कोणी सही करत नाही हे तर जुन्या फिरस्त्या सेल्समनला सांगायलाच नको. म्हणजे ज्या भावाला हा माल विकायचा ठरला, त्या भावातच 'जाऊन विकणं' बाद झालं होतं. लांबून विक्रीची निवड कोणी हौसेने केली नाही, ती दरपत्रकाने केली. आमच्या कंपनीत नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हाच हिशेब फळ्यावर मांडून दाखवतो. त्यानंतर 'सर, क्लायंट व्हिजिट असते का?' हा प्रश्न येत नाही.

जाता येत नाही तर मग माल कसा दाखवायचा? आंबेवाला पेटीतला एक आंबा कापून फोड हातावर ठेवतो, तसं. काही आठवडे फुकट वापरा, आवडलं तर कार्ड नंबर द्या, छोट्या टीमला काही सोयी कायमच्याच फुकट. यात विक्रीचं अर्धं काम मालाने स्वतः केलं. ज्याने आठवडाभर वापरून पाहिलंय त्याला फोन करणं आणि ज्याने नावही ऐकलेलं नाही त्याला फोन करणं, यात किती अंतर आहे ते ज्याने दोन्ही फोन केलेत त्यालाच कळेल. गार्टनर या संशोधन कंपनीने व्यवसायासाठी खरेदी करणाऱ्यांचा वेळ कुठे जातो ते मोजलं, तेव्हा सगळ्या संभाव्य पुरवठादारांच्या भेटींवर मिळून १७ टक्केच वेळ जातो असं दिसलं. तीन कंपन्या स्पर्धेत असतील तर तुमच्या वाट्याला पाच-सहा टक्के. बाकी वेळ ती माणसं आपसात बोलतात, नेटवर वाचतात, ओळखीच्यांना विचारतात. भोसरीच्या बाकड्यावर बसून मी ज्या साहेबांची वाट पाहत होतो, ते बहुधा तेव्हाही आतल्या खोलीत तेच करत होते.

आणखी एक फायदा आहे, ज्याबद्दल कोणी फार बोलत नाही. पैसे आधी येतात. कार्डाने महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरल्याशिवाय लॉगिन चालू राहत नाही, मग वसुली कसली? आपल्याकडे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं ४५ दिवसांच्या आत चुकतं व्हावं म्हणून २०२४ पासून आयकर कायद्यातल्या ४३बी कलमाचा बडगा दाखवावा लागला. कॉम्प्रेसरच्या दिवसांत माझा महिन्यातला निदान आठवडा 'चेक तयार आहे, साहेबांची सही राहिलीय' ऐकण्यात जायचा.

तोंड दिसत नाही तेव्हा

जाऊन भेटणारा सेल्समन स्वतःचं तोंड तारण ठेवतो. काही बिघडलं तर हा इसम परत याच गेटवर येणार आहे, हे पार्टीला ठाऊक असतं. चेन्नईतल्या अनोळखी कंपनीने काय तारण ठेवायचं?

२०११ च्या अखेरीस याची परीक्षा झाली. नावात 'डेस्क', धंदा तोच, भाव कमी. एका विश्लेषकाने ट्विटरवर शंका काढली आणि झेनडेस्कच्या प्रमुखांनी फ्रेशडेस्कला उघड उघड नक्कल ठरवलं. समोरची कंपनी मोठी आणि नावाजलेली, यांना बाजारात येऊन सहा महिनेही झालेले नाहीत. यांनी वकिलाची नोटीस धाडली नाही. 'रिपऑफ ऑर नॉट' नावाची एक स्वतंत्र वेबसाइट काढली आणि त्यावर सगळी बाजू मांडून टाकली, वाचा आणि तुम्हीच ठरवा म्हणून. त्या भांडणाने कंपनीचं नाव अशा कित्येकांपर्यंत पोचलं, जिथे जाहिरातीला पैसे पुरले नसते. त्याच सुमारास ॲक्सेल या गुंतवणूक कंपनीने दहा लाख डॉलर गुंतवल्याची बातमीही आली.

याला मी नशीब म्हणत नाही. लांबून विकणाऱ्याची पत सार्वजनिक जागीच तयार होते. परीक्षणं, तुलना, जुन्या गिऱ्हाइकांचे शेरे, आणि भांडण झालं तर त्यात तुम्ही कसे वागलात, हे सगळं कायम वाचायला मिळतं. आम्हाला हे उशिरा कळलं. एका नामांकित परीक्षण-साइटवर आमच्याबद्दल दोन वर्षांत अकरा शेरे होते, त्यातले तीन आमच्याच माणसांच्या मित्रांचे. ओहायोतल्या एका बाईंनी डेमोच्या पाचव्या मिनिटाला ते तिन्ही वाचून दाखवले आणि शांतपणे विचारलं, 'हे तुमच्यापैकी कोणी लिहिलंय का?' तो डेमो सहाव्या मिनिटाला संपला.

एकाचे चार

विक्रीची टीम आतून कशी बदलली ते आता पाहू. एकच माणूस गिऱ्हाईक शोधतो, पटवतो, घासाघीस करतो, वसुली करतो, ही पद्धत लांबून विक्रीत टिकत नाही. सेल्सफोर्स या अमेरिकन कंपनीने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच शोधणारे वेगळे आणि सौदा करणारे वेगळे, अशी वाटणी केली होती. तीच पुढे सगळीकडे गेली. आज चेन्नईत, बंगळुरूत, पुण्यात कुठेही जा, तोच साचा. एसडीआर नावाचा कोवळा पोरगा किंवा पोरगी दिवसभर ई-मेल आणि फोन करून भेटी ठरवते. मग एई, म्हणजे अकाउंट एक्झिक्युटिव्ह, डेमो देऊन भाव ठरवतो. सोल्यूशन इंजिनिअर तांत्रिक शंका फेडतो. सही झाली की गिऱ्हाईक सीएसएमकडे, म्हणजे कस्टमर सक्सेस मॅनेजरकडे, ज्याच्या पदनामात गिऱ्हाइकाचं 'सक्सेस' असतं आणि टार्गेटमध्ये पुढच्या वर्षीचं नूतनीकरण. (या सगळ्या धंद्याला 'सास' म्हणतात, म्हणजे 'सॉफ्टवेअर ॲज अ सर्व्हिस'. आमच्या घरी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा आईने दचकून माझ्या बायकोकडे पाहिलं होतं.)

वाटणीचा फायदा खरा आहे. बावीस वर्षांची मुलगी तीन महिन्यांत एसडीआरच्या कामात तरबेज होते. मला भोसरीत तरबेज व्हायला तीन वर्षं लागली होती. शिवाय विक्रीच्या खोलीत कोण बसतं तेच बदललं. पूर्वी सेल्सच्या जाहिरातीत 'स्वतःची दुचाकी व लायसन्स आवश्यक' असायचं, आणि त्या ओळीचा न छापलेला अर्थ 'पुरुष' असाच व्हायचा. माझ्या कॉम्प्रेसरच्या टीममध्ये नऊच्या नऊ पुरुष. आजच्या टीममध्ये निम्म्याहून जास्त मुली. मात्र अमेरिकेच्या वेळा म्हणजे रात्रपाळी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षेची आणि घरी पोचवण्याची सोय हवी. 'तुमची कॅब कंपनी कोणती?' हा प्रश्न मला मुलाखतीत उमेदवारांपेक्षा त्यांच्या वडिलांनी जास्त वेळा विचारलाय.

तोटाही तितकाच खरा. गिऱ्हाईक कोणाचंच राहत नाही. २०१९ मध्ये आम्ही भारतातही हीच पद्धत लावून पाहिली. सांगलीच्या एका कारखानदाराला चार आठवड्यांत आमच्या चार माणसांनी फोन केले, आणि प्रत्येकाने पहिल्यापासून विचारलं, 'सर, आपल्याकडे युजर किती?' चौथ्या फोनला ते म्हणाले, "अहो, मागच्या तिघांना सांगितलंय की. तुम्ही एकमेकांशी बोलत नाही होय? आधी घरातलं बघा, मग आम्हाला सॉफ्टवेअर विका." सौदा गेला. चूक पोरांची नव्हती. सीआरएममध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांची माहिती ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नोंदी भरलेल्या होत्या, फक्त पुढच्याने उघडून वाचायच्या असतात हे आम्ही कोणाच्या टार्गेटमध्ये घातलंच नव्हतं.

आणि फिरस्त्याला असलेली मोकळीक गेली. आमच्यातले दोघे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अलका टॉकीजला मॅटिनी बघायचे आणि डीसीआरमध्ये, म्हणजे रोजच्या भेटींच्या अहवालात, 'पार्टी भेटली नाही' लिहायचे. आता प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. किती मिनिटं तुम्ही बोललात, किती मिनिटं गिऱ्हाईक बोललं, हेही मशीन सांगतं. मी मॅनेजर म्हणून ते आकडे वापरतो. सेल्समन म्हणून मला ते आवडले नसते.

घड्याळ

मे महिन्यात न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, डिसेंबरात साडेसात. कॅलिफोर्नियाचे नऊ म्हणजे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क-लंडनमधलं अंतरसुद्धा तासाभराने बदललेलं असतं. दर मार्चमध्ये आमचा कोणीतरी डेमोला तासभर उशिरा उगवतो. यंदा मीच होतो.

याच जगातला एक प्रसंग सांगतो. २०१६ ची हिवाळ्यातली रात्र. इंटरनेट ऑफिसपेक्षा घरी बरं चालायचं, म्हणून कोथरूडच्या फ्लॅटमधून मी डेन्व्हरच्या एका गोदामवाल्याला डेमो देत होतो. साडेदहा वाजले होते. बायको उशिरा आलेली, तिने खिचडी लावली. नेमका भाव सांगायच्या वेळी कुकरने शिट्टी दिली. तिकडून प्रश्न आला, 'तुमच्या जवळून आगगाडी जाते का?' मी क्षणभर 'हो' म्हणणार होतो. तेव्हा आम्हाला अमेरिकन नंबरवरून फोन करायची, वेबसाइटवर अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याचा पत्ता टाकायची सवय होती. आपण इथे आहोत हे शक्यतो कळू द्यायचं नाही, असा अलिखित नियमच होता. मी सांगितलं, पुणे, रात्रीचे साडेदहा, कुकर, खिचडी. पुढची दहा मिनिटं तो खिचडीबद्दलच विचारत होता. तीन आठवड्यांनी सौदा झाला, खिचडीमुळे झाला असं मी म्हणणार नाही, कारण आमचा भाव समोरच्या कंपनीच्या निम्म्याने होता. पण त्या रात्रीनंतर पत्ता लपवणं आम्ही सोडलं. चेन्नईवाल्यांनी तर भारतीयपणा मिरवलाच. शेअर बाजारातल्या नोंदणीच्या कागदपत्रांत संस्थापकाने चक्क रजनीकांतचे आभार मानलेत.

यादी

फिरस्त्या सेल्समनची खरी मालमत्ता म्हणजे त्याची डायरी. कोणत्या कंपनीत कोणाला भेटायचं, कोणाचं मशीन जुनं झालंय, कोणाच्या मुलाचं लग्न आहे. नोकरी बदलली की डायरी त्याच्याबरोबर जायची, आणि मालक हात चोळत बसायचा. लांबून विक्रीत ती डायरी कंपनीच्या सर्व्हरवर गेली. तिचं नाव झालं लीड, आणि ती चोरता येण्यासारखी ठोस वस्तू झाली.

मार्च २०२० मध्ये झोहोने कॅलिफोर्नियात फ्रेशवर्क्सवर दावा लावला. आरोप असा की संभाव्य गिऱ्हाइकांची आपली गोपनीय माहिती तिकडे वापरली गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तडजोड झाली. आपल्या एका माजी कर्मचाऱ्याने झोहोच्या लीडची गोपनीय माहिती मिळवून तिचा गैरवापर केला, हे अंतर्गत चौकशीत आढळल्याचं फ्रेशवर्क्सने मान्य केलं.

मला यातल्या नैतिकतेपेक्षा दाव्याचा विषय महत्त्वाचा वाटतो. तामिळनाडूत उभ्या राहिलेल्या दोन कंपन्या, मालाची पद्धत जवळजवळ सारखी, आणि कोर्टात जाण्याइतकं मोलाचं काय ठरलं, तर कोणी चौकशी केलीय त्यांची यादी. घाऊक बाजारातल्या कोणत्याही जुन्या व्यापाऱ्याला याचं नवल वाटणार नाही.

यादी असली तरी ती वाटेल तशी वापरता येत नाही, हेही मधल्या काळात झालं. मे २०१८ पासून युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा लागू आहे. ई-मेलचा पत्ता कुठून मिळवला ते विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. आमच्या एका एसडीआरला जर्मनीतून असा प्रश्न आला, आणि खरं उत्तर 'विकत घेतलेल्या एक्सेलमधून' असं होतं. त्या दिवसापासून आम्ही युरोपात अनोळखी ई-मेल टाकायचं थांबवलं.

२०२०

टाळेबंदीत सगळ्या जगाला घरबसल्या विकावं लागलं, तेव्हा आमच्यासारख्यांना लोक म्हणाले, 'तुमचं बरंय, तुम्ही तर पहिल्यापासूनच ऑनलाइन.' ते बरोबर नव्हतं. गिऱ्हाईक लांब होतं, टीम नव्हती. एसडीआर मंडळी एका हॉलमध्ये खांद्याला खांदा लावून बसायची. नवीन पोरगा शेजारच्याचं फोनवरचं बोलणं कानावर पडून शिकायचा. भाव ऐकून गिऱ्हाईक गप्प झालं की आपणही गप्प बसायचं, हे कोणी शिकवत नाही, ते ऐकून येतं. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात हॉल रिकामा झाला आणि ते ऐकणं बंद पडलं. जुन्यांचे आकडे टिकले, काहींचे वाढलेही. त्या वर्षी भरती झालेल्या सहापैकी चार जणांनी दीड वर्षात नोकरी सोडली. आता आम्ही आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात बोलावतो, ते याच कारणासाठी. पोरांना ते पटत नाही, त्यांना हिंजवडीचा ट्रॅफिक दिसतो.

वरच्या मजल्यावरचं गिऱ्हाईक

२२ सप्टेंबर २०२१ ला फ्रेशवर्क्स नॅसडॅकवर नोंदली गेली. ३६ डॉलरला शेअर, १०३ कोटी डॉलर उभे राहिले. भारतात वाढलेल्या सास कंपनीची ही तिथली पहिलीच नोंदणी. पाचशेहून जास्त कर्मचारी करोडपती झाले, त्यातले सत्तरएक तिशीच्या आतले. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कोणी फारसं काम केलं नाही, सगळे आपापल्या इसॉपचा, म्हणजे कंपनीने देऊ केलेल्या शेअर्सचा, कागद शोधत होते.

पण त्याच्याही आधी कंपनीचं मुख्यालय कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओला गेलेलं होतं, आणि या प्रकरणातला मला सगळ्यात बोलका भाग हाच वाटतो. पाच हजार डॉलरची गिऱ्हाइकं लांबून मिळतात, तशी ती लांबूनच निघूनही जातात. कार्ड बदललं, नवा मॅनेजर आला, स्वस्त काही दिसलं, की झालं. टिकाऊ पैसा मोठ्या कंपन्यांत. तिथे खरेदी एक माणूस करत नाही. आयटी, सुरक्षा, कायदा, हिशेब, प्रत्येकाचा होकार लागतो, आणि एकाला तरी नाही म्हणायचं असतं. ज्याला 'नाही' म्हणायचंय तो व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बंद ठेवून गप्प बसतो. कॉन्फरन्स रूममध्ये त्याचा चेहरा दिसतो, आणि मीटिंगनंतर कॉफी मशीनजवळ त्याला गाठता येतं. यावर अजून तरी मला कोणतं ॲप सापडलेलं नाही.

२०२२ मध्ये कंपनीने डेनिस वुडसाइड यांना अध्यक्ष म्हणून आणलं आणि मे २०२४ पासून तेच सीईओ झाले. गूगलमध्ये अमेरिकेतली विक्री सांभाळलेला, पुढे ड्रॉपबॉक्सचा कारभार पाहिलेला हा माणूस. चेन्नईच्या प्री-सेल्समधून निघालेली कंपनी मोठ्या खात्यांची विक्री जाणणाऱ्याच्या हातात गेली. २०२४ चं उत्पन्न ७२ कोटी डॉलर, ग्राहक ७२ हजारांच्या वर. पुन्हा तोच ढोबळ भागाकार करा, दहा हजार डॉलरच्या आसपास उत्तर येतं. साडेतीन वर्षांत दुप्पट. सरासरीच्या पोटात दोन टोकं असतात, खालच्या टोकाला अजूनही कार्डावर घेणारी छोटी दुकानं, वरच्या टोकाला लाखांचे करार. वरच्या टोकाला विमानाचं तिकीट परवडतं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कंपनीने सुमारे १३ टक्के, म्हणजे ६६० च्या आसपास माणसं कमी केली. मोठं गिऱ्हाईक मिळालं म्हणून नोकऱ्या सुरक्षित झाल्या असं काही झालं नाही.

एसडीआरचं काम तर आता एआयच्या तोंडी आलंय. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी पाच होते, आज दोन आहेत. ई-मेल मशीन लिहितं, समोरच्याचं मशीन ते कचऱ्यात टाकतं. उत्तर येण्याचं प्रमाण इतकं घसरलंय की गेल्या तिमाहीत एका पोरीने कंटाळून अमेरिकेतल्या वीस गिऱ्हाइकांना पोस्टाने हाताने लिहिलेली कार्डं पाठवली. चौघांनी फोन केला.

आणि प्रवास? तो आमच्याकडे उलट्या बाजूने परत आला. नवं गिऱ्हाईक मिळवायला आम्ही आजही कोणाला पाठवत नाही, तो हिशेब बदललेला नाही. जुनं राखायला पाठवतो. वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या वरची सात खाती आहेत, त्यांच्या नूतनीकरणाच्या तीन महिने आधी सीएसएम जाऊन येतो. पहिली फेरी डेन्व्हरची होती. आमचा माणूस त्या गोदामात दोन दिवस राहिला. त्याला दिसलं की आमच्या सॉफ्टवेअरच्या शेजारी त्यांनी एक मोठी वही ठेवलीय आणि रात्रपाळीचे लोक सगळं आधी वहीत लिहितात, कारण हातमोजे घालून आमची बटणं दाबली जात नाहीत. गेल्या कित्येक वर्षांच्या कुठल्याच व्हिडिओ कॉलमध्ये ती वही आलेली नव्हती. बटणं मोठी करायला आम्हाला चार दिवस लागले. करार पुढे चालू राहिला, दोन सीट, म्हणजे वापरणाऱ्यांच्या दोन जागा, कमी करून.